शेवटचा दिवस आणि दहा नंबरचं घर

  हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

परदेशातल्या ट्रिपच्या शेवटच्या दिवशी आपण काय करतो? बॅग वजनकाट्यावर ठेवतो. 23 किलोच्या वर गेली की चॉकलेटं इकडून काढून तिकडे कोंबतो. मीही लंडनमध्ये तेच करत होते. पण डोक्यात वेगळंच वजन होतं. ऑफिसच्या कामासाठी सहा आठवडे गेले होते आणि आदल्या संध्याकाळी मॅनेजरनं विचारलं होतं, "दोन वर्षं इथेच राहशील का?" उत्तर आठवडाभरात द्यायचं. इकडे परभणीत बाबा एकटे.

विमान रात्रीचं होतं. नॉर्दर्न लाइन पकडली, चॉक फार्मला उतरले आणि चालत किंग हेन्रीज रोडवर गेले. तिथलं 10 नंबरचं घर म्हणजे, 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जिथे राहिले ते घर. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे.

पण मला सारखी आठवत होती ती त्याआधीची गोष्ट. 1916 मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कहून लंडनला शिकायला आले. 1917 मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्ध्यावर ठेवून त्यांना परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीनं पाठवली होती, ती बोटच टॉर्पेडोनं बुडवली. आपण 23 किलोसाठी रडतो हो! बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर जातीमुळे राहायला जागा मिळेना.

इथे गोष्ट संपू शकली असती. पण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सनं चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करायची मुभा दिली होती. ती त्यांनी सोडली नाही. 1918 मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत, मित्राकडून कर्ज, असं करत 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठलं. 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली.

म्हणजे हे 10 नंबरचं घर दुसऱ्या फेरीतलं आहे, बघा!

माझी त्यांच्याशी तुलना नाहीच. त्यांच्यापुढे होतं त्याच्या शंभराव्या हिश्शाचंही माझ्यापुढे नाही. पण तिथे उभी असताना एक गोष्ट पटली. आपण उगाच धरून चालतो की दोनच पर्याय आहेत, राहायचं नाहीतर कायमचं परत यायचं. तिसराही असतो. आत्ता परत यायचं, पण दार उघडं ठेवून. आणि ते दार आपोआप उघडं राहत नाही. मुदत विचारून घ्यावी लागते, पैसे साठवावे लागतात.

हीथ्रोला जाताना ट्यूबमध्येच मॅनेजरला मेल टाकली. लिहिलं की आत्ता घरी जाणं गरजेचं आहे. वर्षभरानं पुन्हा अर्ज केला तर चालेल का, तेवढं लेखी कळवा.

उत्तर अजून आलेलं नाही. "नाही" म्हणाले तर वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू? पण बाबांचा डोळ्यांचा चेकअप पुढच्या मंगळवारी आहे, आणि मी सोबत जाणार आहे.

तुमच्यापैकी कोणी असं अर्ध्यावर ठेवून परत आलंय का? शिक्षण, नोकरी, काहीही? पुन्हा जायची मुदत विचारून ठेवली होती का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकूया. तोपर्यंत काळजी घ्या!