येणं बुडू नये म्हणून

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



यशाच्या गोष्टी सांगणारे आज पुष्कळ आहेत. मी माझी एक फजिती सांगतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. एका ठेकेदाराकडे माझे नऊ लाख अडकले. ‘पुढच्या महिन्यात नक्की’ हे ऐकत दोन वर्षं गेली. कामगारांच्या दिवाळीसाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. मग त्याने दोन लाखांचा चेक दिला, तोही न वटता परत आला.

मी आमच्या घरच्या वकिलांकडे गेलो. माणूस देवासारखा, पण हयात गेली जमिनीच्या वाटण्यांत. ‘समजुतीने घेऊ,’ म्हणाले. त्यात चार महिने गेले. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यावर 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. समोरच्याला 15 दिवस मिळतात, आणि त्याने पैसे दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार करायची. आमची नोटीसच गेली नव्हती. पुन्हा भरायला चेकची तीन महिन्यांची मुदतही उरली नव्हती. कलम 138 ची वाट बंद झाली.

तेव्हा कळलं, वसुलीला वसुलीचाच वकील हवा. पण शोधायचा कुठे? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे. ‘अमुक कामात तज्ज्ञ’ असं पाटीवरही लिहिता येत नाही. म्हणजे विचारूनच शोधायचा. मी माझ्या सीएला विचारलं, बँकेत कर्जवसुली पाहणाऱ्या साहेबांना विचारलं, आमच्या कारखानदार संघटनेत विचारलं. दोघांनी एकाच वकीलबाईंचं नाव सांगितलं.

बाईंनी आधी माझी कहाणी ऐकलीच नाही. विचारलं, “शेवटचं बिल कधीचं? माल पोचल्याची सही आहे? बाकी त्याने लेखी कबूल केलीय? उद्यम नोंदणी कधीची?” तिथेच माझा जीव भांड्यात पडला. उधारीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केली, तर तेव्हापासून नवी तीन वर्षं मिळतात. शिवाय 2006 च्या कायद्याने लघुउद्योजकाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावंच लागतं. नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्यासाठी सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. आम्ही तो केला.

अखेर तडजोड झाली. मी व्याज सोडलं, मुद्दल हप्त्यांनी आली. पाटल्या घरी आल्या.

तुम्हीही वकिलांना तीन गोष्टी विचारा: अशी किती प्रकरणं चालवलीत, माझं प्रकरण कुठे दाखल कराल, आणि खर्च किती. ‘वसूल झाल्यावर टक्के द्या’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. ते वकिलांच्या नियमांत बसत नाही.

आपले गणिताचे सर इथे बसलेत. उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवल्याशिवाय सर मार्क देत नसत. सर, कोर्टही तसंच आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढं करा: ज्याच्याकडे येणं आहे, त्याच्या शेवटच्या बिलाची तारीख बघा. आपल्याच घामाचे पैसे मागायला लाजू नका.