‘कोशिश’ : दोन मुक्या माणसांचा संसार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा बोनस, किमान वेतन, कंत्राटी पद्धत असे काहीतरी मी सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी सिनेमाचे नाव सांगितले आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडी काळजी दिसली. परंतु ज्या चित्रपटाविषयी मी बोलणार आहे तो कष्टकऱ्याच्या संसाराचा चित्रपट आहे, आणि त्यावर चार शब्द बोलण्याचा अधिकार माझ्यासारख्या आठवीत शाळा सुटलेल्या माणसालाही पोहोचतो, असे मी मानतो. हा चित्रपट म्हणजे गुलजारांनी १९७२ साली दिग्दर्शित केलेला ‘कोशिश’. संजीवकुमार आणि जया भादुरी ही त्यातील जोडी. या भूमिकेबद्दल संजीवकुमारांना आणि पटकथेबद्दल गुलजारांना राष्ट्रीय पारितोषिके मिळाली.

हरिचरण आणि आरती ही दोघेही मुकी-बहिरी आहेत. आज आपण ‘कर्णबधिर’ म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण चाळीत आणि कारखान्यात त्यांना काय म्हणतात ते आपण सर्व जण जाणता. आता विचार करा, हिंदी चित्रपटातला नायक प्रेमात पडला की काय करतो? गातो. नायिका काय करते? तीही गाते. येथे दोघांनाही गाता येत नाही, आणि दुसऱ्याने गायिलेले ऐकताही येत नाही. राहिले काय? हात, डोळे आणि एकमेकांविषयीची आस्था. तेवढ्यावर गुलजारांनी सबंध प्रेमकथा उभी केली आहे, आणि ती पाहताना आपल्याला शब्दांची उणीव भासत नाही.

याचे मला फारसे नवल वाटले नाही, त्याला कारण आहे. मी यंत्रमागाच्या शेडमध्ये वाढलेला माणूस. चाळीस माग एकदम चालू असले म्हणजे शेजारच्या माणसाची हाकसुद्धा ऐकू येत नाही. तेथे सगळा व्यवहार बोटांनी, भुवयांनी आणि ओठांच्या हालचालींनी चालतो. धागा तुटला, चहा आला, मालक आला, सगळ्याला खूण ठरलेली. वीस-पंचवीस वर्षे असे काम केलेला विणकर घरी गेल्यावर बायकोशी ओरडून बोलतो. ती बिचारी समजते, हा रागावला आहे. तो रागावलेला नसतो, त्याचे कान गेलेले असतात. गोंगाटाने येणारे बहिरेपण हा धंद्यातून होणारा रोग आहे, हे कायद्यानेही मान्य केले आहे. भरपाई मागायला मात्र क्वचितच कोणी येतो. हात तुटला तर दिसतो. कान गेलेला कोणाला दिसत नाही.

असो. चित्रपटाकडे वळतो.

हरिचरण वर्तमानपत्रे विकतो, पुढे छापखान्यात काम करतो. तो कोणापुढे हात पसरत नाही, आणि दिग्दर्शकही त्याच्या वतीने आपल्यापुढे हात पसरत नाही. हीच या चित्रपटाची मोठी गोष्ट आहे. अपंगाच्या कथेत प्रेक्षकांच्या डोळ्यांतून पाणी काढणे हे सर्वांत सोपे काम. येथे पाणी येतेच, पण ते दयेने येत नाही. आरतीच्या उनाड भावापायी त्यांचे पहिले मूल दगावते. मूल रडत असते, आईबाप झोपलेले असतात आणि ते रडणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पुढे दुसरे मूल होते. याला तरी ऐकू येते का, हे पाहण्यासाठी ती दोघे त्याच्या कानाशी खुळखुळा वाजवतात. मूल हलत नाही. दोघांच्या जिवाचे पाणी पाणी होते, ती डॉक्टरकडे धावतात. मूल ठीक असते. खुळखुळाच मुका असतो! तो वाजत नाही, हे त्या दोघांना कळावे तरी कसे? साऱ्या चित्रपटात मला हा एक प्रसंग शंभर भाषणांहून भारी वाटतो. आईबापांचे बहिरेपण दिग्दर्शक सांगत बसत नाही. एका पैशाच्या खेळण्यातून ते आपल्या छातीवर येऊन आदळते.

नारायण नावाचा एक आंधळा शेजारीही त्यांच्या आयुष्यात येतो. त्याला खुणा दिसत नाहीत, यांना त्याचे बोलणे ऐकू येत नाही. तरी मैत्री जमते. कमिटीत एकाच भाषेत बोलणारी सात माणसे वर्षानुवर्षे एकमेकांना न समजता बसलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे विशेष सांगितले.

मूळ कल्पना एका जपानी चित्रपटावरून सुचलेली आहे. झेन्झो मात्सुयामा यांचा तो चित्रपट १९६१ सालचा. त्याच्या जपानी नावाचा अर्थ ‘अनाम, गरीब, सुंदर’ असा होतो. किती नेमके नाव! युद्धानंतरच्या जपानातील मुक्या जोडप्याची ती कथा गुलजारांनी आपल्या रस्त्यांवर आणून सोडली, आणि ती परकी वाटत नाही.

आता शेवटाविषयी. येथे माझे मन अडते. आरती गेलेली आहे, मुलगा मोठा झाला आहे. हरिचरणचा मालक आपल्या मुलीसाठी त्या मुलाला मागणी घालतो; मुलगी मुकी-बहिरी आहे. मुलगा नकार देतो. बाप संतापतो. तुझी आई कोण होती, हे तो खुणांनी त्याला विचारतो, आणि अखेर मुलगा कबूल होतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या असत्या, पण दोन प्रश्न सुटत नाहीत. पहिला असा की, मालकाची मुलगी कामगाराच्या घरात कधी येते? तिला ऐकू येत असते तर मालकाने ही मागणी घातली असती काय? हरिचरणचा राग खरा आहे, तो स्वतःच्या संसाराच्या बाजूने उभा राहतो, मालकाच्या नव्हे. पण बाजारातला हा हिशेब चित्रपट बोलून दाखवत नाही. दुसरा प्रश्न याहून साधा आहे. त्या मुलीला कोणी विचारले?

हाच प्रश्न सई परांजपे यांनी ‘स्पर्श’मध्ये वेगळ्या रीतीने धसास लावला आहे. त्यातील नसीरुद्दीन शाहांचा आंधळा मुख्याध्यापक प्रेम नाकारायला निघतो, कारण त्या प्रेमात त्याला त्यागाचा वास येतो. मला तो हेकट वाटतो, आणि तरीही त्याचे म्हणणे पटते.

कायद्याने पुष्कळ मजल मारली आहे. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखल्या, २०१६ च्या कायद्याने त्या चार टक्के केल्या, आणि त्यांतील एक टक्का बहिऱ्यांसाठी आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. खाजगी मालकावर अशी सक्ती नाही. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, एक कर्णबधिर मुलगा इतरांइतकेच काम करून कमी पगार घेत होता. मालकाचे म्हणणे, त्याची कधी तक्रार नसते! आम्ही द्वारसभा घेतली. मी मोठ्या आवेशाने बोललो. तो पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे नव्हे, शेजारच्या माणसाच्या हातांकडे पाहत होता. तो शेजारी माझे भाषण बोटांनी त्याला सांगत होता. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणाला त्याची दहा मिनिटेही लागली नसतील, कारण बराच वेळ त्याचे हात नुसते मांडीवर होते.