सहकुटुंब तंबूनिवासाची पूर्वतयारी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह यांसारख्या महत्त्वाच्या प्रश्नांचा ऊहापोह केला. त्यांच्यामागून तंबू आणि सतरंज्यांचे पुराण लावणे हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु अलीकडे आपल्यातील पुष्कळ कुटुंबे सुटीत उघड्या माळावर तंबू ठोकून राहू लागली आहेत, आणि या बाबतीत माझ्या हातून घडलेला एक गंभीर प्रमाद मी सर्वांसमोर सांगावा, असा चिटणिसांचा आग्रह पडला. तो मोडवेना.

डिसेंबर २०१८ मध्ये माझी आई, सौ., थोरला मुलगा, दोन मुली आणि मी असे सहाजण दोन रात्रींच्या मुक्कामासाठी भंडारदऱ्यास गेलो. स्थळाचे वर्णन करण्याचा मोह आवरतो. प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेले विल्सन धरण, त्याच्या पाठीशी पसरलेला जलाशय, रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आणि १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वांत उंच असे कळसूबाईचे शिखर, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिलेच आहे. जलाशयाच्या काठी एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या शेतात आम्ही भाड्याने आणलेले दोन तंबू उभारले. पहिला तंबू उभा करावयास दोन तास लागले, कारण त्याच्या काठ्या घरी कोणी जोडून पाहिल्याच नव्हत्या.

रात्री थंडी पडली. सामान उघडले तेव्हा कॅरमचा बोर्ड निघाला, बॅट निघाली, गाणी वाजविण्याचे यंत्र निघाले, रजयाही निघाल्या. सतरंज्या मात्र निघाल्या नाहीत. मी सौ.कडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले. ती म्हणाली, "अहो, त्या तुम्ही माळ्यावरून काढणार होता ना?" मी समजत होतो की त्या तिने केव्हाच बांधल्या असतील!

ज्यांना अनुभव नाही त्यांना वाटते की थंडी वरून येते. वस्तुतः भुईवर निजणाऱ्याच्या अंगातील ऊब खालची जमीन ओढून घेते. अंगावर दोन रजया असल्या आणि पाठीखाली नुसते तंबूचे कापड असले, तर माणूस कुडकुडतच राहतो. मुली कुडकुडू लागल्या. तेव्हा मी वांगी भाजण्यासाठी नेलेली कोळशाची शेगडी, निखाऱ्यांचा धूर पूर्ण थांबल्याची खात्री करून, तंबूत आणून ठेवली आणि दार घट्ट बंद केले. त्या वेळी मला स्वतःच्या युक्तीचे कौतुक वाटले होते, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

मध्यरात्रीनंतर आईला जाग आली. तिचे डोके जड झाले होते आणि मळमळत होते. जुन्या काळी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवीत, पण खिडकी फटभर उघडी असे, ही गोष्ट तिच्या ध्यानात होती. तिने प्रथम दार उघडले, मग शेगडी बाहेर ढकलली आणि मग आम्हांला हलवून हलवून उठविले. धाकटीला दोनदा वांती झाली. उरलेली रात्र आम्ही रजया पांघरून बाहेर बसून काढली आणि उजाडताच तिला रुग्णालयात नेले. दैवयोगाने सर्वजण सुखरूप राहिलो. तेथील डॉक्टरांनी जे समजाविले ते आपणही ध्यानी ठेवावे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज त्यामुळेच घातक ठरतो. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो, आणि निजलेला माणूस जागा न होताच जातो. म्हणून शेगडी, स्टोव्ह किंवा तत्सम काहीही जळते तंबूत नेऊ नये. फट ठेवूनही नेऊ नये.

घरी परतल्यावर मी सौ.जवळ पुष्कळ हळहळलो. ती शांतपणे म्हणाली, "शेगडीचे राहू द्या. मी सहलीला आलेच नव्हते. आपले स्वयंपाकघर दोन दिवस दुसरीकडे नेले होते, इतकेच." हे वाक्य मला शेगडीपेक्षा अधिक लागले. विचार करता दिसले की बेत मी ठरविला, तारीख मी ठरविली, आणि चाळीस जिनसा आठवून बांधण्याचे काम न सांगता तिच्यावर पडले. त्या चाळिसांतली एक सुटली, तर दोष कोणाचा?

पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१९ मध्ये, पुन्हा तेथेच जायचे ठरले. आई म्हणाली, भीती बसू द्यायची नाही. या खेपेस निघण्यापूर्वी तीन आठवडे आम्ही सहाजण रात्रीच्या जेवणानंतर वही घेऊन बसलो. नियम एकच केला : प्रत्येक जिनसेपुढे एकाच माणसाचे नाव. "आपण घेऊ" असे लिहावयाचे नाही. प्रत्येकाने आपली पिशवी आपण भरावयाची आणि आपणच उचलावयाची. दहा वर्षांच्या धाकटीनेसुद्धा. पिशवी स्वतः उचलावी लागते म्हटल्यावर कॅरमचा बोर्ड आपोआप घरी राहिला.

आठ दिवस आधी इमारतीच्या गच्चीवर तंबू लावून एक रात्र त्यात काढली. शेजाऱ्यांची करमणूक झाली, पण एका तंबूची दोरी तुटकी असल्याचे तेथेच कळले. शिध्याचा भार थोरल्याकडे दिला. पहिल्या दिवसासाठी दशम्या, लसणीची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या घरूनच. पुढे भाजणी, मेतकूट, गूळ-शेंगदाणे आणि पिठल्याचे पीठ. भाजणीत तिखटमीठ आधीच मिसळून नेल्याने डबे निम्मे झाले. पिठले मी केले. त्यात गाठी झाल्या, तरी सर्वांनी खाल्ले. पिण्यास आणि रांधण्यास मिळून माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरले.

औषधांची पेटी सर्वांत वर, हाताशी असावी. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन निरनिराळ्या पिशव्यांत ठेवल्या. जुलाब झाल्यास लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण मुलींनी पाठ केले. विजेरी प्रत्येकाच्या उशाशी असावी आणि बूट झटकल्यावाचून पायांत घालू नयेत, कारण विंचू त्यांत दडतो. मण्यार रात्री हिंडते, म्हणून तंबूचे दार सदैव ओढलेले असावे. सर्पदंश झाल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. जवळचे रुग्णालय कोठे आहे आणि मोबाइलला तेथे आवाज मिळतो की नाही, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. असो, ही यादी मोठी होईल.

दुसऱ्या दिवशी पहाटे सौ. जलाशयाच्या काठी एकटीच बसली होती. चहा थोरल्याने केला होता. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही.

ती वही मी येथे मेजावर ठेवीत आहे. तिच्या शेवटच्या पानांवर, नेलेल्या पण न वापरलेल्या जिनसांची नोंद आहे. तीच अधिक उपयोगाची. ज्यांना उतरून घ्यावयाची असेल त्यांनी चहापानाच्या वेळी जरूर घ्यावी, मात्र वही येथेच ठेवावी, कारण ती सांभाळण्याचे काम धाकटीच्या नावावर आहे. पहिल्या पानावरची पहिली ओळ तिच्याच अक्षरातली आहे : "सतरंज्या – बाबा."