दोरी ओढून हात भरले, तरी मशीन उठेना



नारळी पौर्णिमा उलटली की माझ्या गॅरेजसमोर मशीनं येऊन पडतात. पावसाळ्यात ताडपत्रीखाली झोपलेली, वीस-पंचवीस वर्षांची टू-स्ट्रोक आउटबोर्ड. मालक दोरी ओढून ओढून दमलेला असतो आणि येतानाच निदान घेऊन येतो, "कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, तेवढा खोलून द्या." कधीकधी ते खरंही असतं. दोन महिने आत राहिलेलं पेट्रोल सुकून जेटमध्ये राळेसारखं चिकटतं. पण मी पाना उचलण्याआधी एकच विचारतो, बंद पडलं ते कसं पडलं?

चालता चालता दिवा मालवावा तसं खटकन पडलं, तर बहुतेक करंट गेला. आचके देत, दम लागल्यासारखं हळूहळू बसलं, तर पेट्रोल पोचत नाही. आणि सुरू होतंय, आवाजही आहे, पण होडी नाळ उचलत नाही, असं असेल तर दोनपैकी एक सिलिंडर मेला आहे का ते बघायचं. जुनं दोन सिलिंडरचं मशीन एकावरही चालतं, नुसतं घरघरत. वाऱ्याविरुद्ध यायची वेळ आली की मग कळतं.

आता ठिणगी कशी बघायची? आधी पेट्रोलची नळी काढा, टाकी लांब ठेवा, सांडलेलं पुसा आणि वास जाऊ द्या. दोन्ही प्लग काढून आपापल्या टोप्यांत घाला आणि त्यांचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा, प्लगच्या भोकांपासून दूर. प्लग हातात धरू नका. टोपी मोकळी लोंबकळत ठेवून दोरीही ओढू नका. करंटला जायला वाट मिळाली नाही तर सीडीआय युनिट जळू शकतं, आणि जुन्या मशीनचं युनिट स्वस्त मिळत नाही. ठिणगी निळी हवी, चटचट आवाज करणारी. पिवळट, मरतुकडी ठिणगी उघड्या हवेत दिसते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली विझते. म्हणून बाजारात मिळणारा ठिणगी-टेस्टर जवळ ठेवावा. त्यातली फट कमीजास्त करता येते.

दोन्हीकडे ठिणगी नाही? मग आधी मनगटाला बांधायच्या लाल दोरीची क्लिप जागेवर आहे का ते बघा. हसू नका, याच एका कारणासाठी टेम्पो करून आलेली मशीनं मी पाहिली आहेत. क्लिप ठीक असेल तर बंद करायच्या बटणावर संशय घ्या. या मशीनांमध्ये बटण दाबलं की करंट जमिनीला, म्हणजे इंजिनाच्या अंगाला, मिळतो आणि मशीन थांबतं. बटणात खारं पाणी शिरलं, की ते न दाबताच तेच काम करत राहतं. तपासण्यापुरती त्याची वायर सोडा. ठिणगी परत आली तर चोर सापडला. पण तसंच समुद्रावर जायचं नाही, वेळ आली तर मशीन थांबवणार कशानं?

एकाच सिलिंडरला ठिणगी नसेल तर अदलाबदल करा. आधी प्लग, मग दोन वेगळ्या कॉइल असतील तर कॉइल. ज्या वस्तूबरोबर रोग दुसरीकडे गेला, ती बदला. यात एकही नवा सुटा भाग लागत नाही.

एक गोष्ट माझ्याच चुकीची. एका होडीचं मशीन खाडीत तासभर छान चालायचं, मग खटकन बंद. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा पहिल्या ओढीत सुरू. मी दोनदा कार्बोरेटर धुतला आणि दोन्ही वेळा पैसे घेतले. तिसऱ्यांदा टेस्टर घेऊन स्वतःच होडीत बसलो. बंद पडल्या क्षणी दोरी ओढली तर ठिणगी शून्य. मॅग्नेटखालची कॉइल तापली की आतली तार सुटत होती, निवली की पुन्हा जुळत होती. थंड असताना मीटर लावलं तर सगळं बरोबर! कार्बोरेटरचे पैसे परत केले. तेव्हापासून संशयातली कॉइल मी केस सुकवायच्या यंत्रानं तापवून मोजतो. ते यंत्र घरातून गायब झाल्यानं जे ऐकावं लागलं, ते वेगळं.

त्या कॉइलपर्यंत पोचायला मॅग्नेट काढायचा तर पुलरनंच काढा. हातोडी मारली की आतले चुंबक निखळतात, शाफ्टचं टोकही बसतं.

ठिणगी चांगली आहे, तरी जोर नाही? चालू मशीनवर पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबून बघा. दाबल्यावर जोर परत आला तर पेट्रोल कमी पोचतंय. फुगा आत ओढला जाऊन चपटा झाला असेल तर टाकीचा हवेचा स्क्रू बंद आहे, नाहीतर टाकीकडे काहीतरी अडकलंय. नुसताच मऊ पडला असेल तर पंपाचा पडदा किंवा नळीचे जोड बघा. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा, खाली पाण्याचा थर बसतो का दिसेल. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला ओल लवकर धरते. ऑइल पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच. १:५० म्हणजे लिटरला २० मिली. "थोडं जास्त असू दे" म्हणून ओतलेलं ऑइल प्लगवर काळं होऊन बसतं.

दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. त्यांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर रिंगा, पिस्टन बघावे लागतील, ते काम घरी करू नका.

आणि मशीन ओरडतंय, होडी मात्र जागेवर, असं झालं तर बहुतेक पंख्याच्या आतलं रबर सुटलेलं असतं. पंखा आणि मधली नळी यांवर रंगाची एक सरळ रेघ मारा. फेरी मारून आल्यावर ती तुटलेली दिसली, तर वरचं इंजिन उघडायची गरजच नाही. पंखा काढा आणि तेवढाच घेऊन या.