धक्क्यावरची माकली

डिसेंबर महिन्यांत अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांतील सिएटल शहरावर दुपारीं साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. बारीक पाऊस पडत असतो, वारा अंगाला बोचत असतो, आणि सुखवस्तु माणूस अशा वेळीं शेगडीजवळची जागा सोडीत नाहीं. परंतु नेमक्या त्याच वेळीं प्युजेट साउंड नांवाच्या तेथील विस्तीर्ण खाडीच्या धक्क्यांवर माणसांची रीघ लागते. एका हातांत गळाची काठी, दुसऱ्या हातांत बादली व दिवा. रात्र चढते तसा कठड्याशीं खांद्याला खांदा लागतो. ही सारी यातायात वीतभर लांबीच्या एका प्राण्यासाठीं असते.

इंग्रजींत त्याला स्क्विड म्हणतात. कोंकणच्या बाजारांत माकूल किंवा माकली या नांवानें जी विकली जाते, तिच्याच गोत्रांतील ही. मासळीच्या टोपलींत बसत असली तरी ती मासा नव्हे; शिंपला आणि गोगलगाय यांच्या कुळांतील तो मृदुकाय प्राणी आहे. तिला आठ बाहु, दोन लांब शुंडा, तीन हृदयें आणि निळसर रक्त असतें. संकट दिसतांच ती शाईचा ढग सोडते आणि शरीरांतील पाणी नळीवाटे जोरानें बाहेर फेकून उलट दिशेला निसटते. तिच्या कातडींतील रंगपेशी क्षणांत आकसतात व क्षणांत पसरतात, म्हणूनच शास्त्रज्ञांनीं तिच्या नांवांत ओपल या रंग पालटणाऱ्या रत्नाची आठवण ठेविली आहे.

एवढें वैभव निसर्गानें दिलें, पण आयुष्य मात्र जेमतेम एका वर्षाचें. उन्हाळा सरतां सरतां तिचे थवे महासागरांतून आंत शिरतात, शरदांत एडमंड्स आणि सिएटलच्या किनाऱ्याशीं येतात, आणि ऐन हिवाळ्यांत दक्षिणेस टॅकोमाकडे सरकतात. वाळूच्या तळावर मादी पांढऱ्या बोंडांसारख्या कोशांत अंडीं घालते. एकेका कोशांत दोन-तीनशें अंडीं असतात. वंश मागें ठेवला कीं नर आणि मादी दोघांचीही जीवनयात्रा संपते.

तिला धरण्याची रीत साधी, पण धीराची आहे. दिव्याच्या उजेडाभोंवतीं सूक्ष्म जीव व बारीक मासळी गोळा होते आणि त्यांच्या पाठोपाठ माकली येते. ती भर उजेडांत न येतां उजेड आणि सावली यांच्या सीमेवर दबा धरते. म्हणून जाणता माणूस दोरी तेथेंच सोडतो. आमिष लागत नाहीं. बोटाएवढी, अंधारांत मंद चमकणारी हिरवी वा गुलाबी कांडी असते. तिच्या तळाशीं वर वळलेल्या आंकड्यांचा मुकुट असतो. तिला जिग म्हणतात. अशा दोन-तीन कांड्या एकाखालीं एक बांधून तळाकडे सोडावयाच्या, हलकेच उचलावयाच्या, पुन्हां सोडावयाच्या. माकली हिसका देत नाहीं. कांडीला भक्ष्य समजून ती मिठी मारते आणि दोरी किंचित् जड झाल्याचा भास होतो, इशारा एवढाच. आंकड्यांना उलटा कांटा नसल्यामुळें दोरी क्षणभर सैल पडली तरी ती सुटते. भरतीच्या सुमारास बादल्या लवकर भरतात. मग शाईच्या पिचकाऱ्यांनीं कपडे काळे होतात आणि धक्क्यावर हंशा पिकतो.

उजेड दाखवून माकली धरण्याची ही युक्ति त्या किनाऱ्यावर जुनी आहे. दक्षिणेस कॅलिफोर्नियांतील माँटरे येथें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चिनी कोळ्यांची वस्ती होती. दिवसाच्या मासेमारींत इतर कोळ्यांशीं तंटे होऊं लागले, तेव्हां त्यांनीं रात्रीचा समुद्र आपलासा केला. होडीच्या नाळेवर टांगलेल्या लोखंडी पिंजऱ्यांत राळेचें लांकूड पेटवून ते याच जातीची माकली जाळ्यांत ओढीत आणि वाळवून चीनला पाठवीत. मे १९०६ मध्यें पॉइंट अलोन्स येथील त्यांचें गांव आगींत भस्म झालें व त्या जागीं तें पुन्हां वसूं शकलें नाहीं.

सिएटलच्या धक्क्यावरील गर्दींतही व्हिएटनाम, कंबोडिया, फिलिपाइन्स, चीन, कोरिया अशा देशांतून आलेलीं कुटुंबें पुष्कळ असतात. अमेरिकन कोळी ज्या प्राण्याचा उपयोग बहुधा आमिष म्हणून करीत, त्याचें मोल यांना मायदेशापासून ठाऊक होतें. नवा माणूस दिसला तर शेजारचा म्हातारा, भाषा येवो न येवो, त्याच्या दोरीला हात लावून ती किती खोल सोडावी तें दाखवितो. घरीं गेल्यावर पोटांतील पारदर्शक पातें ओढून काढावें, धुवावें, आणि आल्या-लसणीवर चटकन् परतावें. फार शिजविली तर ती रबरासारखी होते.

सरकारचा परवाना लागतो, दिवसाच्या धरणीला मर्यादा आहे, आणि प्रत्येकानें आपलें भांडें वेगळें ठेवावें असा नियम आहे. कित्येकांना तो जाचक वाटतो. परंतु जिची सबंध पिढी एका वर्षांत उलटते, तिच्याजवळ गतवर्षीची शिल्लक नसते. यंदाचीं अंडीं हेंच पुढच्या हिवाळ्याचें भांडवल.

दुसरी काळजी धक्क्याची आहे. प्युजेट साउंडच्या किनाऱ्याचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे. होडी बाळगणें तर पुष्कळांच्या ऐपतीबाहेरचें. बिनहोडीच्या माणसाला समुद्राचें दार म्हणजे हा सार्वजनिक धक्का. सिएटलमधील एलियट बे फिशिंग पियर हा असाच एक आवडता धक्का. आधाराचे खांब जीर्ण झाल्यामुळें तो २०१७ सालीं बंद करावा लागला. तेथें रात्री काढणाऱ्यांना दुसऱ्या धक्क्यांच्या कठड्याशीं जागा शोधावी लागली.

माकली आपला वंश दर वर्षीं नव्यानें उभा करते. माणसानें थोडा संयम ठेवला कीं पुरे. लांकडाचे खांब मात्र आपोआप उगवत नाहींत. ते उभे ठेवणें हें नगराचें काम आहे, आणि ज्यांची बादली त्यांवर अवलंबून असते त्यांचा आवाज नगरसभेंत क्वचितच पोहोंचतो.