तोंडातल्या चट्ट्यावर नजर



बाप्पाच्या मांडवात आजाराचा विषय काढतो आहे, तेव्हा आधीच माफी मागतो. 2012 साली मध्य प्रदेशाने देशात सर्वांत आधी गुटख्यावर बंदी घातली. पण आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या पानठेल्यांवर पन्नीत घोटलेला खर्रा काही थांबला नाही. त्यातली सुपारी तंबाखूशिवायही कर्करोग घडवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे.

सुरुवात साधीच असते. तिखट रस्सा झोंबतो, गाल आतून ताठरतात, तोंड कमी उघडते. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर दाताच्या डॉक्टरांना दाखवावे. काहींच्या गालात न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा येतो. बहुधा तो कर्करोग नसतो, त्याआधीची पायरी असते. पुढे कोणाचा बिघडेल, हे एकदा पाहून सांगता येत नाही.

संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागला, की आपण दर फेरीत तीच साल तपासतो. तोंडाचेही तसेच. दर भेटीत त्याच जागेचा फोटो घेऊन जुन्याशी ताडून पाहतात. निळा प्रकाश टाकला की निरोगी भाग फिकट हिरवा चमकतो, संशयास्पद जागा काळपट दिसते. ओसीटी नावाच्या तपासणीत एक-दोन मिलिमीटर खोलीपर्यंतचे थर प्रकाशानेच दिसतात. सुई नाही, काप नाही. बेंगळुरूच्या डॉक्टरांनी तर मोबाईललाच असे साधन जोडून तोंडे तपासण्याचे प्रयोग केले आहेत.

मात्र साधी सूजही काळपट दिसू शकते. म्हणून प्रकाश शेवटचा निकाल देत नाही. तुकडा कुठून आणि केव्हा घ्यावा, एवढे सुचवतो. “हात लावला की पसरते” या भीतीने माझ्या काकांनी तुकडा काढू दिला नाही. वर्ष गेले. नागपूरला नेले, तेव्हा जबड्याचा भाग काढावा लागला. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. वेळ घालवल्याने पसरतो.

तेव्हा विसर्जनाआधी एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात तोंड उघडून पाहा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर डॉक्टरांकडे जा, आणि त्यांनी दिलेली पुढची तारीख चुकवू नका. खर्रा मात्र आजच सोडा. तो चालू ठेवून नुसते फोटो काढत राहिलो, तर चट्टा वाढताना पाहण्यापलीकडे हाती काही राहणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!