दोन जावई
(शुक्रवार पेठ, सोलापूर येथील व्याख्यान)



जॉन ऑस्बर्नचे ‘लुक बॅक इन अँगर’ ८ मे १९५६ रोजी लंडनच्या रॉयल कोर्ट रंगमंचावर आले. त्यातील जिमी पोर्टर पदवीधर, पण बाजारात मिठाईचे दुकान मांडणारा. पत्नी ॲलिसन कर्नलची कन्या. हे कर्नलसाहेब हिंदुस्थानातील नोकरी संपवून १९४७ साली परतलेले. जिमीचा राग प्रस्थापित वर्गावर. निघतो मात्र इस्त्री करीत उभ्या असलेल्या बायकोवर! गिरण्या बंद पडलेल्या सोलापुरात याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’मधील (१९८३) अरुण आठवलेही पत्नीला मारतो. परंतु त्याला जात सलते, आणि जात शिकून वा कमावून सुटत नाही. मारकुटा नवरा दलितच का, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही नाटकातील खरा आरोपी सासरा आहे. नाथ देवळालीकर समाजवादी. मुलीचा विवाह त्यांना जातिअंताचा प्रयोग वाटतो. महत्त्वाकांक्षा त्यांची, अंगावर वळ ज्योतीच्या! पुढे हेच नाथ मनाविरुद्ध जावयाच्या आत्मचरित्राची जाहीर स्तुती करतात. पत्नी सेवा व मुलगा जयप्रकाश यांना धोका आधीच दिसला होता, पण घरातल्या लोकशाहीत त्यांचे मत मोजले गेले नाही.

ॲलिसन मूल गमावून जिमीकडे परतते. गरोदरपणी मार खाल्लेली ज्योतीही परतते. मात्र वडिलांना त्यांच्या भाषणाचा जाब विचारून, आणि त्यांच्याशी नाते तोडून.